झिऱ्याचं पाणी, आडाचं पाणी

गावात दाताचे डॉक्टर आले तेव्हा अर्ध्या आयांनी पोरं गोठ्यात नेऊन लपवली. देवीची लस टोचायला आले असं सगळ्यांना वाटलं. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण मोटारीतून उतरणारा माणूस काहीतरी घ्यायलाच येतो हा समज काही गेला नव्हता. हा डॉक्टर मात्र टोचत नव्हता आणि औषधही देत नव्हता. काडीला लावलेला चिमुकला आरसा पोरांच्या तोंडात घालायचा, आत बघायचा आणि सोबतच्या माणसाला काहीतरी लिहून घ्यायला सांगायचा. संशोधन चाललंय म्हणाला. फुकट तोंड बघणाऱ्या डॉक्टरची गावाला गंमत वाटली, मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला मुळीच वाटली नाही.

आमचे दात तपकिरी होते. मध्ये मध्ये खडूसारखे चट्टे. मायचे दात स्वच्छ, आबांचेही, त्यामुळे गावानं आपापली कारणं शोधून ठेवली होती. पोरी चोरून मिसरी लावतात इथपासून, पोटुशी असताना मायनं ग्रहण पाळलं नाही इथपर्यंत. माय आमचे दात राखेनं घासायची, मिठानं घासायची, कोळशानं घासायची. हिरड्यांतून रक्त यायचं, रंग काही जायचा नाही. त्याच वर्षी बहिणीला बघायला आष्टीकडचे पाहुणे आले होते. त्यांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यांच्यातल्या एका म्हातारीनं भर बैठकीत विचारलं की लग्नाआधीच दात काळे करायचं दातवण लावते का पोरगी. पाहुणे पोहे संपवून गेले, ते गेलेच. त्यानंतर हा डॉक्टर. पाहुणेही दातच बघत होते आणि हाही दातच बघत होता, मला दोघांत काही फरक दिसला नाही.

रांगेतल्या प्रत्येक पोराला तो विचारत होता, पाणी कुठलं पितोस? गाव सगळं ओढ्यातल्या झिऱ्यांचं पाणी प्यायचं. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, पाझरून आलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. त्याच ओढ्यात वर म्हशी बसायच्या. ज्यांचं नाक कधी कुणी पुसलं नव्हतं अशा पोरांचे दात त्या आरशात पांढरे दिसत होते. डागी दात निघाले ते फक्त आमच्या घरात आणि आमच्या आडावर पाणी भरणाऱ्या शेजारच्या दोन घरांत.

या आडाबद्दल सांगायला हवं. आबा कापडाचे गठ्ठे तट्टावर टाकून बाजारोबाजार हिंडायचे. आम्हा बहिणींच्या आधी त्यांना एक मुलगा होता. हैजाच्या साथीत तो सकाळी आजारी पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला. त्यानंतर आबांनी वडार बोलावले आणि अंगणातच आड खणायला घेतला. खडक लागला, तरी थांबले नाहीत. गावात कुणी नेलं नव्हतं इतकं खोल नेलं. पाणी लागलं ते थंडगार आणि नितळ. पुढं गावात दोनदा हैजा आला, पण आमच्या घरात शिरला नाही. आबांना त्या आडाचा इतका अभिमान होता की आल्या-गेल्याला चहाच्या आधी पाणीच प्यायला लावायचे.

डॉक्टरनं त्या आडाचं पाणी बाटलीत भरून घेतलं, झिऱ्याचंही घेतलं. बहिणीच्या दातांचा फोटो काढायची परवानगी मागितली. चेहरा येणार नाही ना, एवढंच तिनं विचारलं. नाही म्हणाला. मग त्यानं तिला आपले ओठ दोन बोटांनी बाजूला धरायला लावले आणि फोटो काढला. ती तशी उभी असताना मला इतका संताप आला होता की मी आत जाऊन बसले.

पुढच्या हिवाळ्यात तो परत आला. खरं म्हणजे त्यानं यायचं कारण नव्हतं, त्याचं काम झालं होतं. हैदराबादी हिंदीत त्यानं आबांना सावकाश समजावून सांगितलं. खोल खडकातला एक क्षार या पाण्यात उतरलाय. तो दिसत नाही, चवीला लागत नाही आणि पाणी उकळूनही जात नाही. लहानपणी हिरडीच्या आत दात घडत असतो तेव्हा हे पाणी पोटात गेलं तर दात डागी निघतो. मोठ्या माणसाच्या दातांना काही होत नाही. आबा स्वतः झिऱ्याच्या पाण्यावर वाढलेले, माय तिच्या माहेरी वाढलेली, म्हणून दोघं सुटले. आम्हा दोघींचं आता काही होण्यासारखं नाही, पण आमच्या रांगणाऱ्या धाकट्या बहिणीचे पक्के दात अजून आत आहेत. ती आठ वर्षांची होईपर्यंत तिला हे पाणी देऊ नका.

“म्हंजी हे म्या केलं का?” आबांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाला, तुम्ही नाही, खडकानं केलं. आबांना ते पटलेलं दिसलं नाही.

मायनं दाराआडून विचारलं, मग पोरीला पाजायचं काय? झिऱ्याचं, पण चांगलं उकळून, असं डॉक्टरनं सांगितलं. “त्या पाण्यानं माझं लेकरू नेलं,” माय म्हणाली. “हिलाबी त्याच्याच हवाली करू का?” डॉक्टर उठून उभा राहिला. मोटारीत बसून निघून गेला.

घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आबांचं म्हणणं, दात काळे तर काळे, पोरगी जित्ती तर राहील. मायला ते पटायचं, आणि मग तिची नजर मोठीकडं जायची. अखेर मोठीच बोलली. ती कधी आबांसमोर बोलत नसे.

“माय, मला इचार. तिला झिऱ्याचंच दे.”

तेव्हापासून धाकटीची घागर वेगळी झाली. माय रोज कापसाच्या पऱ्हाट्या जाळून पाणी उकळायची, गाळायची, निववायची. आयाबाया विचारायच्या, पाण्याला फोडणी देऊन राह्यली का गं? माय हसून सोडून द्यायची. मी मात्र आतून जळत होते, हे सांगायला मला आता लाज नाही. आमच्या वाट्याला राख आणि रक्त, आणि हिच्यासाठी पऱ्हाट्यांचे भारे. धाकटी चुकून आडावरच्या बादलीत तोंड घालायला गेली की तिला ओढून आणायचं काम माझ्याकडं होतं. ते मी जरा जोरानंच करायचे.

ती चार वर्षांची असेल, उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत हैजा लागला. दोन दिवसांनी सकाळी धाकटीला उलट्या सुरू झाल्या. मायनं उकळलेल्या पाण्याची घागर उचलली आणि अंगणात फोडली. आबांनी आडाचं पाणी शेंदलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाजत बसले. मेले ते दात, मेले ते दात, एवढंच पुटपुटत होते. दुपारपर्यंत कळलं की बाईसाहेबांनी पोरांबरोबर फ्रॉकभर कैऱ्या खाल्ल्या होत्या. संध्याकाळी ती भाकरी मागायला लागली. माय तेव्हा कुठं रडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झिऱ्याचं आणायचं की नाही, हे कुणी कुणाला विचारेना. माय चुलीपुढं नुसती बसून होती. तेव्हा आबांनी नवी घागर खांद्यावर घेतली आणि ओढ्याकडं निघाले. आमच्याकडं पुरुष माणूस प्यायचं पाणी भरत नसे. ज्या माणसानं खडक फोडून घरात पाणी आणलं तो झिऱ्यावर वाटीनं घागर भरायला चाललाय, हे बघायला ओट्याओट्यांवर लोक उभे राहिले. आबांनी कुणाकडं पाहिलं नाही. पुढं ते गावात असले की ती घागर तेच आणायचे.

मोठीचं लग्न वडीगोद्रीच्या एका बिजवराशी झालं. माणूस भला होता, पण तिच्यापेक्षा पुष्कळ थोराड. एका दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा धाकटीचे पुढचे पक्के दात नुकतेच पुरे आले होते. पांढरे, एकही डाग नसलेले. जेवणं झाल्यावर आबा कुंभार पिंपळगावच्या बाजारातली गोष्ट सांगत होते. एका गिऱ्हाइकानं धोतराचं पान म्हणून लुगडं नेलं होतं आणि बायको ते परत करू देईना. आम्ही सगळ्या हसलो. मोठीनं तोंडावर पदर घेतला, मी हात घेतला, आणि धाकटीनंही तोंडावर हात ठेवला.

आबा बोलायचे थांबले.

“तू काढ हात,” ते तिला म्हणाले. “तुझे चांगले हायेत.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आम्ही दोघी समोरच बसलोय. धाकटीला काही समजलं नाही. “असंच हासायचं असतंय ना, आबा?” तिनं हाताआडूनच विचारलं.

मोठीनं पुढं सरकून तिचा हात धरून खाली घेतला. दुसऱ्या हातानं आपला पदर तिनं तोंडावर तसाच धरून ठेवला होता.