मंगलवहिनीचं काळं तिखट आन् रत्नागिरीचे पाहुणे

आमच्या धाराशिवच्या गल्लीत पाहुणा एका घरी उतरतो, पण घाम तिन्ही घरांना फुटतो. एक घर माझं, एक रेहानाभाभीचं आन् मधलं मंगलवहिनीचं. कुणाकडं कुणी येणार म्हटलं, की तिघी एकाच ओट्याशी! मग किस्से साठणार न्हाईत तर काय होणार? आपण विसरायचं म्हटलं तरी गल्ली विसरू देत न्हाय.

ईदला पाहुणे येणार म्हणून भाभीनं नानकटाईचा ट्रे भरून बेकरीत भाजायला दिला. आमच्याकडं पद्धतच तशी, सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. ट्रे आणायला वहिनी गेली. पाहुण्यांनी बोटं चाटली. भाभी फुलून गेली, "मेरा हाथच वैसा है!"

तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक बाई दुसरा ट्रे घेऊन दारात. "अदलाबदल झाली वाटतं. ह्यात तर साखरच न्हाय!"

भाभीनं एक तुकडा चाखला आन् ट्रे परत तिच्या हातात दिला. "न्हाय बाई. ये तुम्हारीच है!"

* * *

तामलवाडीची नणंद येणार म्हणून वहिनीनं कुकरात केक लावला. खाली वाळू, पाण्याचा थेंब न्हाय, आन् ही बया शिट्टीची वाट बघत बसलेली! मी म्हटलं, "वहिनी, उतरवा की आता." तर म्हणे, "शिट्टीबिगर कुकर उतरवतेत व्हय?"

केकचा कोळसा झाला. वहिनीनं वरून साय फासली. "चॉकलेटचा हाय!"

नणंदेनं जाताना उरलेला बांधून नेला.

* * *

वहिनीचा हुकमी एक्का म्हणजे काळं तिखट. भाजी कुठलीबी असू द्या, चव मटणाची! एकदा माझ्या शाळेतल्या माळकरी बाई माझ्याकडं जेवायला आल्या. भरली वांगी वहिनीनं करून दिलेली. बाईंनी पहिलाच घास घेतला आन् रडवेल्या झाल्या. "सुनंदा, बाटवलंस गं मला!"

वहिनी वांगं उचलून पळत आली. "बाई, हे बघा, ह्याला देठ हाय! बोकडाला देठ असतो का?"

* * *

पण ह्या वेळी चेष्टा नव्हती. वहिनीचा सचिन रत्नागिरीला नोकरीला. तिथलीच पोरगी त्यानं पसंत केली. पोरीचे वडील मात्र अडून बसले, "समुद्र सोडून आमची मुलगी तिकडे खाणार काय?" ते घर बघायला येणार म्हटल्यावर वहिनीनं पदर खोचला. "मासेच घालते जेवायला!" सोलापूरहून बर्फात घालून कोळंबी आली, सुरमई आली.

वहिनीनं कोळंबी मटणासारखी कुकरला लावली. पाच शिट्ट्या! झाकण काढलं तर आत नुसतं खोडरबर. भाभीनं एक चावली, चावली, शेवटी हातात काढून घेतली. "वहिनी, इसकू पोरांच्या कंपास में रखो!"

* * *

वहिनीचं अवसानच गळालं. "माझ्या सचिनचं लगीन मोडतंय गं ह्या रबरापायी," म्हणून रडायला लागली. लई वाईट वाटलं आम्हाला. आता उरली फक्त सुरमई. गाडी दारात आली. घाईघाईत वहिनीचा हात सवयीनं गेला तो काळ्या तिखटाच्या डब्यातच!

पाहुणे ताटावर बसले. पोरीच्या वडिलांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, घास घेतला. आम्ही तिघी दाराआड उभ्या.

"वा! इकडच्या मटणाबद्दल ऐकून होतो, आज खाल्लं!"

वहिनीनं कपाळावर हात मारला. एवढा समुद्र दारात आणला, आन् व्याह्याला मटण लागलं! सांगावं तर फजिती, न सांगावं तर सगळी खटपट पाण्यात. शेवटी ती पुढं झाली. "अवं पाव्हणं, ते..."

तेवढ्यात त्यांच्या तोंडात काटा आला. त्यांनी तो काढला, उजेडात धरला. मग वहिनीचे भरलेले डोळे बघितले आन् काटा गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला.

"मुलीची काळजी मिटली आमची," ते म्हणाले. "वाढा अजून. बोकड कोवळा दिसतोय!"