बोंबलांचा वास

वास आमच्या घरातून जात होता आणि मी शेजारचं घर दाखवलं. माझी चूक एवढीच, आणि ती मी समजून उमजून केली.

दुबईच्या ज्या व्यापारी भागात आम्ही राहतो तिथे एकाच टॉवरमध्ये सगळं असतं. खाली दुकानं आणि दवाखाना, त्यावर ऑफिसं, त्यांच्या वर घरं. मी या टॉवरच्या मेंटेनन्स ऑफिसात काम करतो, म्हणून आम्हाला वरचा फ्लॅट मिळाला. करामातली जुनी वस्ती सोडून आलो तेव्हा लिफ्टने कामाला जायचं याचंच अप्रूप होतं. खिडक्या मात्र इथे उघडत नाहीत.

शेजारी रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब होतं. नवरा लांब हमरिया बंदरात कामाला, सकाळी गेला की अंधार पडल्यावर यायचा. त्याची बायको खालच्याच दवाखान्यात नर्स. घरात सासू, अंथरुणाला खिळलेली. दिवसातून अनेकदा ती लिफ्टने वर यायची, सासूची कूस बदलायची, पेज भरवायची आणि परत ड्युटीवर जायची. नोकरी आणि सासू ही दोन्ही तिला फक्त या इमारतीत राहूनच सांभाळता येत होती. हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझी बायको वेंगुर्ल्याची. तिच्या बॅगेतून दर सुट्टीला सुके बोंबील यायचे.

"वहिनी, आज बोंबील ना?" शेजारीण लिफ्टपाशी भेटली की म्हणायची. "सासूबाई विचारतात, त्यांच्याकडे रोज मेजवानी आणि मला पेज का?"

"अगं, मग पाठवते की."

"पाठवा. पण कडक भाजलेले. दात एक नाही, पण हट्ट कुरकुरीतचा."

आमच्या स्वयंपाकघरांची हवा जिथून बाहेर पडायची, त्याच्या फार जवळ ऑफिसांसाठी ताजी हवा ओढणारा पंखा बसवला होता. एका दुपारी खालच्या ऑफिसात मोठी मीटिंग चालू असताना बोंबलांचा वास पसरला. पाहुणे नाकाला रुमाल लावून उठले. तक्रार थेट टॉवरच्या मॅनेजरकडे गेली.

मॅनेजरने मला बोलावलं. "हबीबी, तू इंडियन आहेस. हा वास कुणाच्या घरचा, तुला कळेल."

मला कळला होता. सकाळी मीच बायकोला म्हणालो होतो, आज भाजून ठेव. पण स्टाफचा फ्लॅट काढून घ्यायला त्यांना वेळ लागत नाही. मी शेजारच्या फ्लॅटचा नंबर सांगितला. वर म्हणालो, "ती बाई दुपारी काम सोडून वर जाते. कॅमेऱ्यात दिसेल." तिचं सासूकडे जाणं मी असं वापरलं.

कॅमेऱ्यात ती दिसली. त्यांना ताकीद गेली. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, आता बोंबील पुरे. कारण सांगितलं नाही, त्यामुळे काही दिवसांनी तिने पुन्हा भाजले. ती तक्रारही त्यांच्याच नावावर चढली. घरभाड्याचा पुढचा करार होणार नाही, असं त्यांना कळवण्यात आलं.

ती ऑफिसात आली, दवाखान्याच्या गणवेशातच. "भाऊ, तुम्ही इथलेच आहात. सांगा ना त्यांना. आमच्याकडे काय शिजतं, तुम्हाला माहीत आहे."

"बघतो," मी म्हणालो. "इन्शाल्ला, होईल काहीतरी."

मी काही बघितलं नाही. त्यांनी घर सोडलं त्या दिवशी चावी मीच घेतली. एसी चालू करून पाहिला. सासूच्या पलंगाने भिंतीवर पाडलेला चरा पाहिला आणि रंगवायला सांगितलं. काही वाटत नव्हतं. त्यानंतरही बराच काळ वाटलं नाही. जेवत होतो, झोपत होतो, शेजारी नवे लोक आले तेव्हा त्यांना कचरा कुठे टाकायचा ते दाखवलं. आमचे जुने शेजारी शारजाला गेले, आणि रस्त्यातच इतका वेळ जाऊ लागला की तिने नोकरी सोडली, हे बायकोनेच सांगितलं. "बिचारी," ती म्हणाली, "कुणी लावालावी केली असेल?"

तेव्हा मी तिला सांगितलं. तिने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. "मी भाजले आणि तू तिचं घर दाखवलंस?" मग म्हणाली, "आधी ऑफिसात सांग. मग तिच्याकडे जा. मी येणार नाही, मला तोंड नाही."

ऑफिसात सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "खलास, जुनी गोष्ट आहे." तुझ्या फ्लॅटचं नंतर बघू, एवढंच बोलला. त्याच शनिवारी मी शारजाला गेलो.

दार तिनेच उघडलं. हात ओले होते. आत पलंगावर सासू भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"या भाऊ. वहिनी नाही आल्या? बसा, चहा टाकते."

"चहा नको, ताई," मी दारातच म्हणालो. "तो वास आमच्या घरचा होता. मला विचारलं तेव्हा मी तुमचं घर दाखवलं. तुम्ही मदत मागायला आलात तेव्हाही गप्प बसलो. ऑफिसात खरं सांगितलंय, पण तुमची नोकरी त्याने परत येत नाही. माझं चुकलं. मला माफ करा. नाही केलंत तरी माझी तक्रार नाही."