दादाला नसलेला भाऊ

माझा थोरला भाऊ आडमुठा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर सांगते. तोही ऐकून घेतो, कारण त्याला त्यात काही वाईट वाटतच नाही. स्वतःच्या आडमुठेपणाला तो निष्ठा म्हणतो. मी त्याला दादा म्हणते, गिऱ्हाइकंही दादाच म्हणतात, आणि त्याला वाटतं की जगाचाच आपण दादा आहोत.

दादा न्हावी. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतभर आरसा, सदा गळणारा नळ आणि फरशीला बोल्टने बसवलेल्या दोन खुर्च्या. एक खुर्ची दादाची, दुसरी आमच्या धाकट्या भावाची. धाकटा बोलायला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ म्हणून विचारायचा, त्यामुळे घरात त्याचं नाव वकील पडलं. शिकला मात्र हजामतच. नवरा वारल्यावर मी माहेरी परत आले आणि दुकानाचे टॉवेल धुऊन, वाळवून, घड्या घालून पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. पुढे जे काही झालं, ते बहुतेक मी टॉवेलांची पिशवी हातात धरून पाहिलं आहे.

आमचा पंथ लहान आहे. त्याचा संस्थापक, ज्याला आम्ही मूळगुरू म्हणतो, तो न्हावी होता अशी श्रद्धा. गावोगाव हिंडायचा, रस्त्यात भेटेल त्याची दाढी करायचा आणि करता करता दोन शब्द सांगायचा. त्या शब्दांची झाली वचनं. त्यांतलं एक खास न्हाव्यांसाठी आहे. न्हाव्याने आपली दाढी आपण करू नये, परक्याकडून करवून घेऊ नये. आठवड्यातून एकदा आपल्या घरच्या माणसाच्या वस्तऱ्याखाली मान द्यावी. ज्याच्या हाती रोज दुसऱ्यांचे गळे असतात, त्याने आपला गळाही कुणाच्या तरी हाती द्यावा, असा त्याचा अर्थ दादा सांगायचा. सांगताना त्याचा आवाज जरा बदलायचा.

त्यामुळे पंथाच्या आठवड्याच्या सभेच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि दोघं भाऊ एकमेकांची दाढी करायचे. एरवी दोघांचं तासभर पटायचं नाही, पण तेवढा वेळ दुकानात फक्त वस्तऱ्याचा आवाज. मला तो आवाज आवडायचा. या दोघांनी एका दुकानात राहावं, एवढंच माझं मागणं होतं. माहेर म्हणून मला तेवढंच उरलं होतं.

वकिलाचं बिनसलं ते फुकट दाढ्यांवरून. सभेआधी पंथातल्या मोठ्या लोकांच्या दाढ्या न्हाव्यांनी सेवा म्हणून करायच्या, अशी प्रथा. गाडीतून उतरणारी माणसं, खुर्चीत बसल्यावर वर बघून बोलायचीसुद्धा नाहीत. वकील म्हणायचा, “गुरू न्हावी होता म्हणतात आणि प्रार्थनाघरात न्हाव्यांना बसवतात दाराशी, चपलांपाशी. हा गुरू नक्की कुणाच्या सोयीचा आहे?” मग तो वाचायला लागला. वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणायचा, गिऱ्हाईक नसलं की खुर्चीत बसून वाचायचा. आणि एक दिवस भर दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावलेला असताना म्हणाला, “दादा, तो नव्हताच.”

“कोण?”

“मूळगुरू. असा माणूस कधी झालाच नाही. तो गेला म्हणतात त्यानंतर दीडशे वर्षं त्याचं नाव कुठे येत नाही. त्याच्या निम्म्या गोष्टी त्याच्या आधीच्या लोकांच्या नावावर सापडतात.”

दादाने वस्तरा पुसला. “तुझ्या पणज्याचं नाव कुठल्या पुस्तकात आहे?”

“कुठल्याच नाही.”

“मग तू काय आभाळातून पडलास?”

गिऱ्हाईक फेसातून हसलं. दादाला वाटलं, आपण जिंकलो.

वाचनालयात एका प्राध्यापिकेचं याच विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. आयोजकांत वकील पुढे. दादाही गेला, धुतलेला सदरा घालून, मला सोबत घेऊन. बाई सौम्य होत्या, कुणाला टाकून बोलत नव्हत्या. संस्थापक होता असं मानणारेही विद्वान आहेत, असं त्यांनी आधीच सांगितलं. दादा उठला आणि त्याने पणज्याचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे बघून एवढं कळतं, की तुम्हाला पणजोबा होते. पण त्यांनी हात लावल्यावर आंधळ्याला दिसायला लागलं, असं कुणी म्हणालं, तर ते तुमच्याकडे बघून नाही कळत.” सगळं सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने हसला वकील. बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण भावाच्या पाणउताऱ्यावर हसणारं ते तोंड बघून मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्या आठवड्यात शटर अर्धं खाली आलं तेव्हा मी टॉवेल ठेवत होते. वकील नेहमीसारखा खुर्चीत बसला आणि त्याने मान मागे टाकली. दादाने फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर घासला, गळ्याशी नेला आणि थांबला.

“कशाला बसलायस?”

“दाढीला.”

“ज्याने हे सांगितलं तो नव्हता ना? मग हे तरी कशाला?”

“त्याच्यासाठी नाही बसलो,” वकील म्हणाला. “तू भाऊ आहेस म्हणून बसलोय.”

माझ्या मते यापेक्षा बरं उत्तर त्या दुकानात कुणी दिलं नसेल. दुसऱ्या कुणालाही पुरलं असतं. दादाने टॉवेल घेतला आणि त्याच्या तोंडावरचा फेस खसाखसा पुसून काढला. “मला दाढी करता येत नाही,” तो म्हणाला. “मला शिकवणाराच झाला नाही.”

दोन दिवसांनी वकिलाने आपली खुर्ची फरशीतून उचकटून नेली आणि समोरच्या गल्लीत वेगळं दुकान टाकलं. स्वतःची दाढी तो आता स्वतः करायचा, मुद्दाम, दारात छोटा आरसा अडकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. हाताला सवय नव्हती. कित्येक दिवस हनुवटीवर तुरटीचे पांढरे डाग घेऊन हिंडत होता, पण तोरा कायम.

दादाची गोष्ट याहून वाईट. त्याला मुलगी एकच, ती बँकेत, आणि मला वस्तरा धरता येत नाही. दाढी करायला आपलं माणूस उरलं नाही आणि परक्याकडून करायची नाही. तेव्हा त्याने दाढी वाढवली. न्हाव्याच्या छातीवर रुळणारी दाढी! लोक टिंगल करायला दुकानात यायचे आणि दाढी करून जायचे, त्यामुळे धंदा बरा चालला. कुणी नवं गिऱ्हाईक फरशीतल्या भोकांकडे बघून विचारायचं, “इथे दुसरी खुर्ची होती का?” दादा म्हणायचा, “नव्हती.” “तुमचे भाऊ होते ना इथे?” “मला भाऊ नव्हताच.” वर आरशातून माझ्याकडे बघायचा, मी काही बोलते का ते पाहायला. मी काय बोलणार? टॉवेल आपटून निघून यायची. वकिलाच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, “बरोबर शिकला. आता कुणी भाऊ होता म्हणालं तर पुरावा माग म्हणावं.” दोघांनाही एकाच बादलीत बुडवून काढावं, असं मला वाटायचं.

मग दादाचा आवाज बसला. दाढीखाली गाठ आली होती; दाढीमुळे कुणाच्या लक्षात आली नाही. डॉक्टरांनी हाताने चाचपून पाहिली आणि ऑपरेशन लांबवू नका म्हणाले. त्याला भरती केलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डातला न्हावी दाढी काढायला आला. दादाने दोन्ही हातांनी गळा झाकला.

“परक्याचा हात नको.”

नर्स आधी हसली, मग चिडली. डॉक्टर येऊन स्पष्ट सांगून गेले: दुपारपर्यंत गळा साफ झाला नाही तर पुढचा पेशंट घेऊ, आणि ही गाठ थांबण्यातली नाही. माझी भाची रडायला लागली. मी बिनपाण्यानेच केली दादाची. “मरायचंय का तुला? कुणासाठी? तो होता का नव्हता हे तुझ्या मरणाने ठरणार आहे का?” दादा छताकडे बघत राहिला. मी पायात चपला सरकवल्या आणि वकिलाच्या दुकानात गेले.

तो एकाचे केस कापत होता. मी सगळं सांगितलं. त्याची कात्री थांबली नाही.

“त्याला आधी म्हणू दे, मी त्याचा भाऊ आहे म्हणून.”

“तो नाही म्हणायचा.”

“मग मीही नाही यायचा.”

“वकिला,” मी म्हणाले, “तुझी ती व्याख्यानाची बाई खरी का दादाचा गुरू खरा, मला काही देणंघेणं नाही. पण आज तू आला नाहीस, तर उद्यापासून मलाही भाऊ नव्हते. एकही नव्हता.”

खुर्चीतला माणूस म्हणाला, “जा हो, माझं राहू दे अर्धं.” वकिलाने पेटी उचलली.

वॉर्डात शिरल्यावर त्याने पेटी खाटेपाशी ठेवली. दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग नर्सकडे.

“हे कोण?”

“तुमचे भाऊ ना?” नर्स म्हणाली.

“मला भाऊ नाही.”

वकिलाचा चेहरा लाल झाला. पेटीचं कडं त्याने परत धरलं. आता हा जाणार, म्हणून मी वाट अडवून उभी राहिले. पण तो गेला नाही. “कुणी नाही मी,” तो म्हणाला. “न्हावी आहे. दाढी करायला बोलावलंय.”

वॉर्डातला न्हावी तिथेच दाराशी उभा होता, त्याच्याकडे दादाने पाहिलंसुद्धा नाही. त्याने मान मागे टाकली.

वकिलाने आधी कात्रीने दाढी उतरवली. मग फेस. मग वस्तरा. गाठीपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. बोटाने त्याने ती जागा बाजूबाजूने दाबून पाहिली आणि श्वास धरून अगदी हळू वस्तरा नेला. दादाने डोळे मिटले होते. माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला, कारण या दोघांनी ते पाहायला नको होतं.

फेस पुसून झाला. दादाने डोळे उघडले आणि गिऱ्हाईक विचारतं त्या आवाजात विचारलं, “किती झाले?”

मला वाटलं, वकील पेटी आपटेल. त्याने दुकानातला नेहमीचा दर सांगितला. दादाने मला खूण केली, “दे.” मी माझ्याच पर्समधून दिले. वकिलाने ते मोजून खिशात टाकले, वस्तरा पुसून पेटीत ठेवला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. असले दोन नग एकाच आईच्या पोटी कसे आले, देव जाणे.

स्ट्रेचर यायला वेळ होता. दादा उघड्या पडलेल्या गालांवरून हात फिरवत होता, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. डाव्या कानाखाली त्याची बोटं अडली.

“इथे राहिलंय,” तो त्या बसलेल्या आवाजात पुटपुटला. “लहानपणापासून इथेच राहतं त्याचं.”

“कुणाचं?” मी विचारलं.

दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं.