सरांचा उंचवटा

हेमकांत बुजरबरुआ सरांचा राग गुवाहाटीच्या भौतिकशास्त्र विभागात नावाजलेला होता, आणि खरं सांगायचं तर सरांना त्याचा अभिमानच होता.

प्लाझ्मा म्हणजे विजेचा भार असलेला वायू. सर तो पाण्यासारखा वाहतो असं धरून समीकरणं मांडत आणि त्यातून धावणारी एकटी लाट शोधत. साध्या लाटा पसरतात, विरतात. ही मात्र आपला आकार न मोडता पुढे जात राहते. ती वर उचललेला उंचवटा असेल की खाली दबलेला खळगा, हे एका गुणकाच्या चिन्हावर ठरतं. धूळ मिसळलेल्या प्लाझ्मात उंचवटाच येतो, हा सरांचा तरुणपणीचा निष्कर्ष. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं.

एका शुक्रवारच्या बैठकीत त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या निजरा काकतीनं फळ्यावर खळगा काढला. सर कडाडले, "माझ्या हाताखालच्या एकूण एक विद्यार्थ्याला उंचवटा मिळालाय. ते सगळे मूर्ख आणि तू एकटी शहाणी? की बिनदुधाच्या लाल चहात चिन्ह विरघळलं तुझं?"

सगळे हसले. निजराचा चेहरा उतरला. पुढच्या बैठकीला तिनं मुकाट्यानं उंचवटा आणला. "बघ, आला की नाही!" सर खूश झाले.

बोहाग बिहूच्या, म्हणजे आसामी नववर्षाच्या सुट्टीत तिचा प्रबंध वाचताना सर अडखळले. एका ओळीत वजा, खालच्या ओळीत अधिक, आणि मध्ये कारण काहीच नाही. चोर सापडला म्हणून सरांनी हौसेनं स्वतः गणित मांडलं. खळगा आला. पुन्हा मांडलं, पुन्हा खळगा. मग जुना लेख काढला. धुळीच्या कणांवरचा भार ऋण; तो वजा दुसऱ्याच पानावर त्यांच्याच हातून गळला होता. ज्या पोरीचं सर्वांदेखत हसं केलं, तीच बरोबर होती. पण मग बाकीच्या सगळ्यांना उंचवटा मिळाला कसा? त्या एका काडीला धरून सर बसले.

बिहूला निजरा सरांच्या घरी आली. एका हातात मानाचं तामूल-पान, म्हणजे सुपारी नि विड्याचं पान, आणि तिळाचा पिठा हा तांदळाचा गोड पदार्थ, दुसऱ्या हातात सरांसाठी विणलेला गामोसा, लाल काठाचा पांढरा पंचा. ती नमस्काराला वाकणार तोच सर मागे सरले.

"निजरा, तुझा खळगा बरोबर होता."

"हो, सर."

"म्हणजे? ठाऊक होतं तुला? मग चिन्ह का फिरवलंस?"

"त्या दिवशी खूप रडले, सर. मग तुमच्याकडेच पीएचडी केलेल्या मृगेनदांना फोन केला. म्हणाले, अगं वेडे, सरांकडे खळगा चालत नाही. आम्हालाही तोच आला होता. शेवटी चिन्ह फिरवायचं आणि गप्प बसायचं. त्यांना म्हणे त्यांच्या आधीच्या रुणुमीताईंनी सांगितलं होतं."

"आणि रुणुमीला?"

"त्यांच्या आधीच्यांनी."

"तू कुणाला सांगितलंस?"

निजरा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "नव्या मुलीला. बिचारी फार घाबरली होती, सर."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिच्या हातातला गामोसा घेऊन स्वतःच गळ्यात घातला आणि चूक केलेला माणूस नामघरात, गावच्या प्रार्थनागृहात, माफीसाठी टेकतो तसे तिच्यापुढे गुडघे टेकले.

निजरा भेदरून दोन पावलं मागे गेली. "सर, उठा ना! असं नका करू. मी कुणाला काही बोलणार नाही. उंचवटाच ठेवते मी!"