महुआखाली अंथरलेली लुगडी

मी चौथीत शाळा सोडली. वडील रेल्वेच्या कारखान्यात, क्वार्टर नगऱ्यात, तिकडे हिंदी मुलखातल्या रेल्वे वसाहतीत. पण कारखान्याचा वास मला मानवला नाही. मी जंगलखात्यात राखणदार झालो. कुणाच्या चिठ्ठीवर नाही झालो, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं जंगल तोडायचं जंगल. दरसाल एक तुकडा तोडायचा, खुंटांना फुटवे येतात, पुन्हा जंगल उभं राहतं. लोकांना वाटतं, तोडलं म्हणजे संपलं. खात्यातले नवे साहेब म्हणाले, लाकूड दाराच्या चौकटीत बसलं की त्यातला धूर त्यातच राहतो, आणि फुटवे हवेतला आणखी ओढून घेतात. पण पेटलं तर सगळा धूर आभाळात, आणि उन्हाळा आणखी तापतो. उन्हाळा तापतोय हे मला कुणी सांगायला नको होतं.

त्या साली माघात आम्ही फायर लाइन झाडली. म्हणजे आग अडवायला पाला काढून मोकळी ठेवलेली पट्टी. फाल्गुनात ती पुन्हा भरली. सागाची उरलेली पानं एकदमच खाली आली. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. नाल्यात नुसता चिखल. पाखरं गप्प.

तोडलेल्या तुकड्यातले फुटवे कमरेला लागत होते. ते जळू द्यायचे नाहीत, एवढंच मी धरून बसलो होतो.

त्याच तुकड्याच्या कडेला काकीचे महुए, म्हणजे आपले मोह. खालच्या वस्तीतली ही म्हातारी. वर्षाचं मीठ-तेल त्या फुलांवर. इकडचा रिवाज असा, की फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळायचा. मी तिच्या हातातली माचिस काढून घेतली.

माझ्या टकलाकडे बघत ती म्हणाली, "काए भैया, पत्ता न जारें तो महुआ का तुमाई चाँद पे बीनें?"

दुसऱ्या दिवशी मी घरून बायकोची जुनी नऊवारी लुगडी आणली आणि झाडाखाली अंथरली. काकी टोकापासून टोकापर्यंत चालत गेली.

"राम राम! तुमाई लुगाई इत्ती मोटी है का?"

पण फुलं लुगड्यावर पडू लागली आणि तिनं काडी ओढली नाही.

काडी ओढली ती नाल्यापलीकडे, दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच महुआखाली. दुपारी वारा फिरला. धूर आधी दिसला नाही, घशात लागला. पानांनी भरलेल्या पट्टीवरून आग चालत आली, जशी पायवाटेनं माणसं येतात.

मी बघत राहिलो. काकीनं फुलांसकट लुगडं ओढलं.

"ठाड़े काए हो? भिगोओ!"

चिखलात बुडवून आम्ही ती लुगडी आगीवर आपटली. सांजेपर्यंत अर्धा तुकडा वाचला. अर्धा काळा. काकीचा महुआ धुळीत गेला. ती पदरानं तोंड पुसून घरी गेली.

यंदा पानं संक्रांतीआधीच गळायला लागलीत. नोकरी कधीच सुटली, तरी मी जंगलात जातो. काल बायकोला म्हटलं, उरलेली दोन लुगडी काढून ठेव.

ती म्हणाली, "ती मी मेल्यावर मला नेसवायला ठेवलीत."

मी म्हटलं, "एक दे."

मग तिनं पेटी उघडली.