बंदरावर शिकवलेलं कॅल्क्युलस

कट्टा गावच्या किशोरी सावंत मालवणातल्या एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवत होत्या. म्हणजे दर जूनला मुलाखत द्यायची, दर एप्रिलला घरी बसायचं. विभागप्रमुख गुरुदास सर मात्र कायम, आणि त्यांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्सही. डेरिव्हेटिव्ह म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की सर म्हणत, "परीक्षेत ते येत नाही." खरंच येत नसे. पेपर तेच काढत.

यंदा किशोरीबाईंनी आपला वर्ग सरळ बंदरावर नेला. धक्क्याच्या खांबाला मोजपट्टी बांधली आणि दर अर्ध्या तासाने पाणी किती चढलं ते मुलांकडून लिहून घेतलं. दुपारी आलेख तयार झाला.

"पाणी सगळ्यात जोरात कधी चढलं?" त्यांनी विचारलं.

तारकर्लीची आकांक्षा या विषयात दोनदा नापास झालेली. तिचे वडील मासेमारी करत. ती मालवणीतच बोलून गेली, "मधीच, मॅडम. भरती पुरी झाली काय पाणी थांबता. ह्या माका म्हायत आसा."

"मग डेरिव्हेटिव्हही तुला माहीत आहे. ते म्हणजे हा पाणी चढण्याचा वेगच. पाणी थांबलं, तिथे ते शून्य."

आकांक्षाने आलेखाच्या शिखरावर पेन्सिलीने शून्य काढलं.

कॉलेजच्या दर्जाची तपासणी व्हायची होती, त्यामुळे सुधारणा तातडीने हवीच होती. 'कलनशास्त्र अध्यापन सुधार समिती' नेमली गेली. अध्यक्ष गुरुदास सर. किशोरीबाई कायम नसल्याने त्यांना समितीत घेता आलं नाही. त्यांचे बंदरावरचे कागद तेवढे घेता आले. अठ्ठेचाळीस पानी अहवाल निघाला. मुखपृष्ठावर सर समुद्राकडे बघत उभे.

तपासणीच्या दिवशी सरांनी अहवालाचं बारावं पान पडद्यावर दाखवलं आणि आलेखाच्या शिखराला काठी लावली. "इथे पाणी चढण्याचा वेग सर्वाधिक."

आकांक्षा उठली. "सर, तिथे वेग शून्य असतो."

"प्रश्न शेवटी, बाळा."

शेवटी वेळ उरला नाही. तपासणीला आलेल्या पाहुण्यांना जेवायला तारकर्लीला जायचं होतं. जाताना त्यांनी 'उल्लेखनीय उपक्रम' असा शेरा दिला.

लगेच परिपत्रक आलं : सुरक्षिततेसाठी विद्यार्थ्यांना बंदरावर नेऊ नये. अहवालातल्या चार व्याख्या पाठ करून घ्याव्यात. एप्रिलच्या परीक्षेत त्याच आल्या. आकांक्षाने त्या घोकल्या आणि ती पास झाली.

जूनच्या मुलाखतीत सरांनी किशोरीबाईंना विचारलं, "नव्या अध्यापन पद्धतीचा काही अनुभव?"

बाईंचा आवाज चढला नाही. "अहवाल वाचलाय मी, सर. बाराव्या पानावर चूक आहे."

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. बाई आता कट्ट्याला घरीच शिकवण्या घेतात. गेल्या महिन्यात सरांनी आपल्या पुतणीला तिथे पाठवलं. तिला कॅल्क्युलस समजत नाही म्हणे.