शेपटीवरचा नंबर

दत्तू मेस्त्री रोज सकाळी पहिल्या पाळीला जाण्याआधी विमानाला आंघोळ घालायचे. हे वाक्य मी आजवर अनेक बैठकांत टाकलंय आणि दर वेळी माणसं हसली आहेत. ती हसली की मी दुसऱ्या किश्श्याकडे वळतो. आज वळायचं नाही असं ठरवलंय. जमेल की नाही ठाऊक नाही, कारण थापा मारण्यातच माझी हयात गेली.

विमान मात्र खरं होतं. एकाहत्तरचं युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता, खिडक्यांच्या काचांवरचा काळा कागद अजून निघाला नव्हता, तेव्हा पाडलेल्या एका पाकिस्तानी विमानाचे अवशेष लालबागला आमच्या चाळीसमोरच्या मैदानात आणून ठेवले. नाक चेपलेलं, पंख एकच, शेपूट तेवढी धड. देखरेख आमच्या गणपती मंडळाकडे होती. मंडळाचा पेंटर मी आणि माइकवर बोलणाराही मीच. पोटासाठी मिलमध्ये कापडाच्या गाठींवर नंबर मारायचो, त्यामुळे हातात ब्रश आला की मला स्वतःबद्दल भलतेच समज व्हायचे.

गणपतीच्या देखाव्याला आदल्या दिवशी शेवटचा हात मारायचा ही आमच्या मंडळाची रीत. विमानाला मी तोच न्याय लावला. शेपटीवर बारीक, धुरकटलेले आकडे होते. लांबून बघणाऱ्या माणसाला त्यातून काय कळणार? शत्रू कसा ठसठशीत दिसला पाहिजे. मी हिरव्या ऑइलपेंटचा डबा उघडला, आकड्यांवरून दोन हात मारले आणि वर पांढऱ्या रंगात भलामोठा चांदतारा काढला. अध्यक्ष म्हणाले, "आत्ता कुठे विमान वाटतंय." विमानाला विमानासारखं केल्याबद्दल मला नारळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी गर्दी कमी वाटली म्हणून मी माइकवरून जाहीर केलं, "ज्याला जोडे मारायचे असतील त्याने रांगेत यावं." रांग पार नाक्यापर्यंत गेली. लोक चपला मारत, थुंकत, पान खाणारे तर खास तोंड भरून येत. माझ्या वक्तृत्वाचा इतका परिणाम त्याआधीही कधी झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही.

आणि सकाळी पाहतो तर विमान स्वच्छ. बादली, रॉकेलची बाटली आणि मिलमधल्या सुताच्या चिंध्या घेऊन मेस्त्री ते पुसत होते. मेस्त्री आमच्याच मिलमध्ये फिटर. मालवणकडचे, अंगाने काटकुळे, बोलणं मोजकं. मशीन कुरकुरायला लागलं तर म्हणायचे, "तेका काय व्हया ता आधी ऐक, मगे पानो लाव." म्हणजे आधी त्याचं ऐक, मग पाना लाव. माणसांचंही ते असंच आधी ऐकायचे. मी उलट, आधी पाना लावणारा.

"काय मेस्त्री, नवरदेवाला न्हाऊ घालताय?" मी विचारलं.

ते पुसतच राहिले. चिंधी पिळून म्हणाले, "माझो वसंत इमानात होतो. तार इली. बेपत्ता."

वसंत हा त्यांचा धाकटा भाऊ. हवाई दलात मालवाहू विमानावर वायरलेसचं काम करायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मेस्त्रींनी तार खिशात ठेवली होती, चाळीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"आमचा इमानय थंय खंयच्यातरी चौकात पडला आसतला," मेस्त्री म्हणाले. "लोक थुकत आसतले. थंयय एखादो मेस्त्री आसतलोच मरे. मी हंय पुसलंय तर तो थंय पुसात."

इथे आपण पुसलं तर तिथलाही कुणी आपलं पुसेल, असं त्यांचं म्हणणं. मी चिंधी उचलली नाही. माझी माइकची वेळ झाली होती.

प्रदर्शन संपलं. विमान घेऊन जायला कुणी आलं नाही. ते मैदानाच्या कोपऱ्यात पडून राहिलं. त्यावर गोधड्या वाळत पडू लागल्या, आत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मेस्त्रींनी पुसायचं सोडलं नाही. एक दिवस ते घरी आले. दिल्लीच्या कचेरीला पत्र लिहायचं होतं आणि माझं अक्षर बरं होतं. त्यांचा हिशेब साधा होता. तुमचं अमुक नंबरचं विमान आमच्याकडे आहे, हे दिल्लीमार्फत पाकिस्तानला कळवायचं. त्यांच्यातही कुणाचा तरी भाऊ बेपत्ता असेल, त्याला कळेल. मग ते आपल्या वसंताचं कळवतील.

"फक्त नंबर व्हयो," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी रॉकेलने माझा चांदतारा खरवडला. माझा रंग निघाला आणि त्याच्यासोबत खालचे आकडेही निघाले. उरला नुसता पत्रा. मेस्त्रींनी बोटाने पत्रा चाचपला. इंजिनावर नंबराची पट्टी असते म्हणाले, रविवारी आतून खोलून काढू.

रविवारच्या आधी शुक्रवारी एक ट्रक आला आणि विमान घेऊन गेला. आम्ही पत्ता काढत माझगावच्या पुढे दारूखान्यात पोहोचलो, जिथे जहाजं तोडतात आणि भंगार विकतात. भंगारवाल्याने जागा दाखवली. जमिनीवर तेलाचा डाग होता. "वो तो भट्टी में गया चाचा," तो म्हणाला, "अब तक तो पतेला बन गया होगा." मेस्त्री त्या डागापाशी बसले आणि सवयीने खिशातली चिंधी काढून हातात धरून राहिले.

परतताना चहाला थांबलो. त्यांनी चहा बशीत ओतला आणि प्यायलाच नाही. कुणी गप्प बसलं की मला सहन होत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "मेस्त्री, थांबा. आठवला. शेपटीवरचा नंबर आठवला. रंगवताना पाहिला होता ना मी."

आणि मी माझा मिलमधला तिकीट नंबर, हजेरीच्या बिल्ल्यावरचा, उलटा करून सांगितला. सात दोन आठ तीन.

मेस्त्रींनी बशी उचलली. "तुझ्या डोळ्याक तोड नाय," म्हणाले. माझी आयुष्यातली सर्वांत यशस्वी थाप.

पत्र गेलं. माझ्या अक्षरात, माझ्या नंबरासकट. उत्तर यायला दोनेक वर्षं लागली. दिल्लीमार्फत आलेल्या त्या टाइप केलेल्या कागदावर एकच ओळ होती. या क्रमांकाचे कोणतेही विमान आमच्या नोंदीत नाही.

मला वाटलं, संपलं. मेस्त्रींना उलट उभारी आली. "लपवतत," ते म्हणाले. "इमान मी ह्या हातांनी पुसलंय आणि ते म्हणतत नाय. इमान लपवतत म्हणजे माणूसय लपवतत. वसंत जित्तो आसा."

त्याच महिन्यात वसंताच्या बायकोला, सुलोचनावहिनींना, न्यायला त्यांचा भाऊ गावाहून आला. एका बिजवर शिक्षकाचं स्थळ होतं. वहिनी बाविशीच्या होत्या. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती, वर घडी केलेली छत्री. मेस्त्रींनी मला हाक मारली आणि तो कागद माझ्या हातात दिला.

"वाच रे. मोठ्यान वाच, तेका ऐकाक येवंदे."

मी वाचला. स्वच्छ, खणखणीत, माइकवर वाचावा तसा. वाचून झाल्यावर खरं सांगून टाकायला जागा होती. सगळे माझ्याकडेच पाहत होते. मेस्त्री म्हणाले, "आता सांग, जित्या माणसाची बायल दुसऱ्याक कशी देवची?" वहिनींनी छत्री उचलून खिळ्याला अडकवली आणि ट्रंक आत ओढून नेली. पत्र्याचा लादीवर घासण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मी घरी जाऊन जेवलो. तेही सांगून टाकतो. चांगला जेवलो.

पुढे मिल गेली. मैदानाच्या जागी इमारत उठली. मेस्त्री आणि वहिनी घोडपदेवला राहायला गेले. वहिनी शिवणकाम करायच्या. गळ्यातले काळे मणी कधी उतरले नाहीत. वर्षातून एकदा मेस्त्री मला बोलवायचे आणि आम्ही दिल्लीला पत्र लिहायचो. अधिकारी बदलले, कचेरीचा पत्ता बदलला, नंबर तोच. एकदा मी चाचरत म्हणालो, "मेस्त्री, नंबर लिहिताना माझी चूक झाली असली तर?" ते हसले. "तू चुकशीत, तुझो डोळो चुकाचो नाय." माझ्यावर इतका विश्वास माझ्या बायकोनेही कधी ठेवला नाही. तिने ओळखलं होतं मला.

मेस्त्री मागच्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत अंथरुणावर पडल्या पडल्या चादरीची कड चिमटीत धरून समोरची हवा पुसत असायचे, अगदी सावकाश, वरून खाली. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं.

बाराव्याला माणसं जेवून गेल्यावर मी थांबलो. वहिनी पाटावर बसून उरलेल्या वड्यांवर कागद घालत होत्या. मी सगळं सांगितलं. हिरवा रंग, दारूखाना, बशीतला चहा, उलटा केलेला तिकीट नंबर. यातलं काहीही विनोदी करून सांगता आलं नाही.

वहिनींनी कागद नीट दाबून बसवला.

"भावजींका सांगलात कधी?"

"नाही."

"बरा केलात." मग कडेच्या भिंतीकडे बघत, "आणि खरो नंबर काय होतो?"

मी डोळे मिटले. शेपूट समोर आली, डब्याचं झाकण आलं, ब्रशचा एक सुटा केस रंगात चिकटला होता तोसुद्धा आला. आकडे आले नाहीत. मी ते कधी वाचलेच नव्हते.

"आठवत नाही, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि ताट आत नेलं. खिळ्याला छत्री होती. तीच असेल असं नाही.

माझा तिकीट नंबर मात्र अजून पाठ आहे. तीन आठ दोन सात.